शून्य ते एकशे अठ्ठावीस टेराबाइट : आभासी स्मृतीच्या फाइलींचा आकार आणि कर्नेलची नोंद – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

संगणकावर फाइलींची यादी उघडली असता प्रत्येक नावापुढे एक आकडा दिसतो. तो त्या फाइलीचा आकार होय, असे आपण सहजपणे गृहीत धरतो. लिनक्स या कार्यप्रणालीतील ‘प्रॉक’ नावाच्या निर्देशिकेत मात्र या गृहीतकाला तडा जातो. तेथील ‘केकोर’ ही फाइल ६४ बिटांच्या सर्वसाधारण संगणकावर सुमारे १२८ टेराबाइट आकाराची असल्याचे यादी सांगते. ज्या यंत्रावर ती दिसते त्याची संपूर्ण डिस्क सहसा त्या आकड्याच्या जवळपासही नसते. तिच्याच शेजारी असलेल्या ‘मेमइन्फो’ या फाइलीचा आकार शून्य दाखविला जातो. परंतु ती वाचली असता स्मृतीच्या वापराविषयी अनेक ओळींचा मजकूर मिळतो. डिस्कवरील प्रत्यक्ष जागा मोजणाऱ्या ‘डीयू’ या आज्ञेला विचारले, तर ती दोन्ही फाइलींनी व्यापलेली जागा शून्यच सांगते.

यातील कोणताही आकडा चुकीचा नाही. हे सर्व आकडे एकाच अधिकृत स्रोताने, म्हणजे कर्नेलने दिलेले आहेत. कर्नेल हा कार्यप्रणालीचा गाभा असून स्मृती, डिस्क व प्रक्रियक यांचे वाटप करणे आणि त्याची नोंद ठेवणे हे त्याचे काम होय. अशा नोंदी परस्परांशी विसंगत का दिसतात, याचे उत्तर तांत्रिक पुस्तिकांत तुटकपणे मिळते. परंतु तिचे मूळ इतिहासात आहे.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) आभासी स्मृतीच्या संकल्पनेतून ‘आकार’ या शब्दाचे अनेक अर्थ कसे निर्माण झाले, याचा मागोवा घेणे.
२) स्मृतीला फाइलीचे रूप देताना निरनिराळ्या कर्नेलांनी आकाराविषयी कोणते संकेत स्वीकारले, ते तपासणे.
३) या संकेतांचा विसर पडल्याने होणारे परिणाम स्पष्ट करणे.

१. आभासी स्मृती : दोन आकारांचा उगम

१९६० च्या सुमारास संगणकाची मुख्य स्मृती अत्यंत महाग व तुटपुंजी होती. कार्यक्रम मोठा असल्यास त्याचे तुकडे पाडून ते पाळीपाळीने फिरत्या चुंबकीय ड्रमवरून मुख्य स्मृतीत आणण्याची जबाबदारी कार्यक्रमकारावरच असे. इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठ व फेरांटी कंपनी यांनी मिळून उभारलेल्या ‘ॲटलस’ या संगणकाने हे ओझे यंत्रावर सोपविले. ७ डिसेंबर १९६२ रोजी या संगणकाचे उद्घाटन झाले. टॉम किलबर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी या योजनेचे वर्णन ‘एकस्तरीय साठवण’ असे केले. मँचेस्टरच्या ॲटलसमध्ये मुख्य स्मृती १६,३८४ शब्दांची, तर ड्रमवरील साठवण ९८,३०४ शब्दांची होती. दोहोंची विभागणी ५१२ शब्दांच्या पृष्ठांत केली होती. कोणते पृष्ठ कोठे आहे, याची काळजी यंत्र घेई आणि कार्यक्रमकाराला सलग असा एकच विस्तार दिसे.

या क्षणापासून कार्यक्रमाला दोन आकार प्राप्त झाले. एक, त्याला दिसणाऱ्या पत्त्यांचा विस्तार. दुसरा, त्यापैकी मुख्य स्मृतीत प्रत्यक्ष हजर असलेला भाग. सातबारा उताऱ्यावरील एकूण क्षेत्र आणि त्या हंगामात लागवडीखाली असलेले क्षेत्र हे दोन्ही आकडे खरे असतात. पण एक विचारले असता दुसरा सांगून चालत नाही. येथेही तसेच आहे. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या ‘कार्यरत संच’ या प्रतिमानाने तिसराही आकार पुढे आणला. एखादा कार्यक्रम अलीकडच्या कालावधीत ज्या पृष्ठांना स्पर्श करतो, तेवढीच त्याची खरी गरज, असे त्यांचे प्रतिपादन होते. आकार हा आता केवळ जागेचा प्रश्न राहिला नाही; तो काळाचाही प्रश्न झाला.

२. युनिक्स : फाइलीच्या आकाराची मूळ कल्पना

आकाराच्या नोंदीची दुसरी परंपरा फाइलींची आहे. बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून विकसित केलेल्या युनिक्स प्रणालीत फाइल म्हणजे बाइटांची एक सलग मालिका, अशी साधी व्याख्या स्वीकारली गेली. तिचा आकार म्हणजे तिच्या शेवटच्या बाइटापर्यंतचे अंतर.

परंतु या व्याख्येतही एक फट होती. फाइलीच्या शेवटाच्या बरेच पुढे जाऊन एखादाच बाइट लिहिला, तर मधला भाग डिस्कवर जागा न घेता ‘पोकळी’ म्हणून राहू शकतो. अशा फाइलीचा आकार मोठा दिसतो, पण तिने व्यापलेली जागा थोडीच असते. म्हणून विस्तार व व्याप या दोन स्वतंत्र नोंदी ठेवण्याची पद्धत पुढे रूढ झाली. यादी दाखविणारी ‘एलएस’ ही आज्ञा सामान्यतः विस्तार सांगते, तर ‘डीयू’ ही आज्ञा व्याप सांगते.

युनिक्सने उपकरणांनाही फाइलींची नावे दिली. संगणकाची मुख्य स्मृतीदेखील ‘मेम’ या नावाच्या विशेष फाइलीतून वाचता येई. तिचा आकार किती दाखवावा, हा प्रश्न त्या काळात मोठ्या चातुर्याने टाळला गेला. विशेष फाइलींच्या बाबतीत यादीतील आकाराच्या रकान्यात आकार न देता उपकरणाचे दोन ओळखक्रमांक छापले जात. जेथे आकार सांगणे निरर्थक आहे तेथे तो सांगायचाच नाही, ही भूमिका प्रामाणिक होती. चालू प्रक्रियांची यादी देणारी ‘पीएस’ ही आज्ञा याच स्मृति-फाइलीत शिरून कर्नेलच्या अंतर्गत तक्त्यांचा शोध घेई. त्यासाठी कर्नेलची अंतर्गत रचना तिला आधीच ठाऊक असावी लागे. रचना बदलली की आज्ञाही बदलावी लागे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेने १९७९ च्या अखेरीस व्हॅक्स संगणकासाठी आभासी स्मृती असलेले युनिक्स तयार केले. तेथील कर्नेलच्या फाइलीला ‘व्हीएमयुनिक्स’ असे नाव मिळाले. त्यातील पहिली दोन अक्षरे आभासी स्मृतीची निदर्शक होत. लिनक्सच्या कर्नेल-फाइलीच्या ‘व्हीएमलिनक्स’ या नावात ती आजही टिकून आहेत.

३. प्रक्रिया फाइल होते

फाइलींची परंपरा व आभासी स्मृतीची परंपरा यांचा खरा संगम १९८४ मध्ये झाला. बेल प्रयोगशाळेतील टॉम किलियन यांनी त्या वर्षी युसनिक्स परिषदेत ‘फाइलींच्या रूपातील प्रक्रिया’ ही कल्पना मांडली. युनिक्सच्या आठव्या आवृत्तीत ‘प्रॉक’ ही निर्देशिका आली आणि प्रत्येक चालू प्रक्रिया तेथे क्रमांकाच्या नावाने एक फाइल म्हणून दिसू लागली. या फाइलीतील स्थान म्हणजेच त्या प्रक्रियेच्या स्मृतीतील पत्ता. दोषशोधक कार्यक्रमाला पूर्वी ‘पीट्रेस’ या सुविधेने एकेक शब्द मागून घ्यावा लागे. आता तो नेहमीच्या वाचन-लेखनाच्या आज्ञांनी हवा तेवढा भाग मिळवू शकत होता.

अशा फाइलीचा आकार किती सांगावा? पुढे रॉजर फॉकनर व रॉन गोम्स यांनी हीच कल्पना सिस्टिम फाइव्ह युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीत विस्ताराने राबविली. १९९१ च्या युसनिक्स परिषदेतील त्यांच्या निबंधात यादीतील आकार म्हणजे त्या प्रक्रियेच्या एकूण आभासी स्मृतीचे परिमाण, असा संकेत स्पष्ट झालेला दिसतो. निव्वळ यादी पाहूनच कोणती प्रक्रिया किती मोठी आहे, हे कळावे अशी ही सोय होती.

सोय चांगली असली तरी तिच्यात अर्थाचा एक सूक्ष्म बदल दडलेला आहे. प्रक्रियेची आभासी स्मृती सलग नसते. कार्यक्रमाची संहिता एका टोकाला, तर स्टॅक दूरच्या पत्त्यांवर असतो आणि मध्ये प्रचंड रिकामा प्रदेश असतो. यादीतील आकडा हा वापरात घेतलेल्या भागांची बेरीज होता. शेवटच्या बाइटाची सीमा नव्हता. परिणामी त्या आकड्याच्या कितीतरी पलीकडील स्थानावर वाचन यशस्वी होऊ शके आणि त्याच्या आतील एखाद्या स्थानावर ते अयशस्वी होई. फाइलीच्या आकाराची जुनी व्याख्या येथे शब्दशः लागू होत नव्हती. रकाना तोच राहिला, अर्थ मात्र बदलला.

४. शून्याचा संकेत

बेल प्रयोगशाळेतच युनिक्सनंतर विकसित झालेल्या ‘प्लॅन नाइन’ या प्रणालीने वेगळा मार्ग निवडला. तेथे उपकरणे व प्रक्रिया यांचे प्रतिनिधित्व करणाऱ्या बहुतेक फाइलींची लांबी शून्य मानावी, असा संकेत ठरला. शून्य म्हणजे ‘रिकामे’ असा येथे अर्थ नाही. ‘हा प्रश्न येथे गैरलागू आहे’ असा आहे.

१९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी आरंभिलेल्या लिनक्समध्ये पुढील वर्षीच ‘प्रॉक’ निर्देशिका दाखल झाली. तेथे प्रत्येक प्रक्रियेसाठी एकच फाइल न ठेवता स्वतंत्र उपनिर्देशिका करण्यात आली आणि बरीचशी माहिती माणसाला वाचता येईल अशा मजकुराच्या रूपात देण्यात आली. या फाइलींचा आकारही सामान्यतः शून्य दाखविला जातो. यामागील कारण व्यवहार्य आहे. हा मजकूर कोठेही साठविलेला नसतो. वाचणारा वाचू लागतो त्या वेळी कर्नेल तो तयार करतो. त्याची लांबी आधी सांगायची तर संपूर्ण मजकूर आधीच तयार करावा लागेल, म्हणजे नुसती यादी पाहण्यासाठी शेकडो फाइलींचा मजकूर सिद्ध करावा लागेल. शिवाय विचारणा व वाचन या दोहोंच्या मधल्या क्षणात परिस्थिती बदलली, तर सांगितलेली लांबी खोटी ठरेल.

लिनक्सच्याच २.६ या आवृत्तीबरोबर २००३ च्या डिसेंबरमध्ये स्थिरावलेल्या ‘सिसएफएस’ या रचनेने आणखी एक संकेत आणला. तेथील सर्वसाधारण गुणधर्म-फाइलींचा आकार स्मृतीच्या एका पृष्ठाएवढा, म्हणजे प्रचलित यंत्रांवर ४,०९६ बाइट असा सरसकट दाखविला जातो. प्रत्यक्षात आत एखादाच अंक असतो. येथे आकार म्हणजे कमाल मर्यादा.

५. ‘केकोर’चे कोडे

आता प्रस्तावनेतील मोठ्या आकड्याकडे वळता येईल. ‘केकोर’ ही फाइल चालू कर्नेलची स्मृती दोषशोधकाला परिचित अशा स्वरूपात सादर करते. ३२ बिटांच्या काळात तिची लांबी म्हणजे यंत्रातील भौतिक स्मृती अधिक चार किलोबाइट, असे लिनक्सची पुस्तिका सांगत असे. ही अतिरिक्त जागा फाइलीच्या शीर्षकासाठी होती. तो आकडा यंत्रातील खऱ्या स्मृतीच्या जवळ जाणारा असल्यामुळे कुणाला फारसा खटकला नाही.

६४ बिटांच्या एक्स-८६ यंत्रांवर परिस्थिती पालटली. या यंत्रांच्या रूढ रचनेत आभासी पत्ता ४८ बिटांचा असतो. त्यातील वरचा अर्धा भाग, म्हणजे दोनचा ४७ वा घात इतका प्रदेश कर्नेलकडे असतो. हा प्रदेश १४,०७,३७,४८,८३,५५,३२८ बाइटांचा, म्हणजेच १२८ टेराबाइटांचा होतो. ‘केकोर’मधील स्थान हे कर्नेलच्या प्रदेशातील पत्त्यावरून ठरते आणि कर्नेलचे काही भाग या प्रदेशाच्या अगदी वरच्या टोकाशी असतात. फाइलीची लांबी त्या टोकापर्यंत मोजली जात असल्याने आकडा १२८ टेराबाइटांच्या जवळ जातो. म्हणजे येथे बेरीज नाही, शून्य नाही, कमाल मर्यादाही नाही. येथे सीमा आहे. फाइलीच्या आकाराची युनिक्समधील मूळ व्याख्या सर्वांत निष्ठेने पाळणारी फाइल नेमकी तीच आहे, जिचा आकडा सर्वांत अविश्वसनीय वाटतो. डिस्क भरल्याच्या शंकेने ती पुसून टाकण्याचा प्रयत्न नवखे व्यवस्थापक करतात. परंतु तिने डिस्कवरील एकही बाइट व्यापलेला नसतो आणि ती पुसलीही जात नाही.

६. अदलाबदलीची फाइल

मुख्य स्मृती अपुरी पडल्यास पृष्ठे डिस्कवर हलविण्यासाठी वापरली जाणारी स्वॅप फाइल ही मात्र खरीखुरी फाइल आहे. तरीही तिच्या नोंदीत फरक आढळतो. चार किलोबाइटांची पृष्ठे असलेल्या यंत्रावर नेमकी एक गिगाबाइट, म्हणजे १०,४८,५७६ किलोबाइटांची स्वॅप फाइल केली, तर कर्नेलच्या ‘स्वॅप्स’ या तक्त्यात तिचा आकार १०,४८,५७२ किलोबाइट दिसतो. पहिले पृष्ठ ओळखचिन्हासाठी राखीव असल्याने चार किलोबाइट कमी भरतात. यादी फाइलीची लांबी सांगते, तर तक्ता तिची उपयुक्त क्षमता सांगतो. या फाइलीत पोकळी असल्यास ती स्वॅपसाठी नाकारली जाते. येथे विस्तार आणि व्याप एकच असावे, असा आग्रह धरला जातो. कारण ऐन गरजेच्या वेळी कागदोपत्री जागा उपयोगाची नसते.

विंडोजमध्ये हेच काम ‘पेजफाइल’ करते. २००१ मधील विंडोज एक्सपीच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘पीएफ युसेज’ अशा शीर्षकाचा आलेख होता. शीर्षकावरून तो पेजफाइलचा वापर दाखवितो असे वाटे. वस्तुतः तो सर्व प्रक्रियांना कर्नेलने देऊ केलेल्या स्मृतीची एकूण हमी दाखवीत असे. त्यामुळे पेजफाइल पूर्णपणे काढून टाकलेल्या यंत्रावरही तो शून्यावर येत नसे. येथे आकडा अचूक होता. शीर्षक चुकीचे होते.

७. व्यापलेले, वाटून घेतलेले आणि उपलब्ध

एखादी प्रक्रिया किती स्मृती वापरते, या प्रश्नाला ‘पीएस’ आज्ञेने दीर्घकाळ दोन उत्तरे दिली : एकूण आभासी विस्तार आणि मुख्य स्मृतीत हजर असलेला भाग. परंतु अनेक प्रक्रिया एकच ग्रंथालय-फाइल सामाईकपणे वापरू लागल्यावर दुसरे उत्तरही अपुरे ठरले. तीन प्रक्रिया मिळून १२ मेगाबाइटांचे एकच ग्रंथालय वापरीत असतील, तर प्रत्येकीच्या नावावर १२ मेगाबाइट लागतात आणि बेरीज ३६ होते; प्रत्यक्षात १२ मेगाबाइटच खर्ची पडलेले असतात. २००८ मधील लिनक्सच्या २.६.२५ या आवृत्तीत आलेल्या ‘प्रमाणशीर संच’ या मापाने सामाईक भागाची समान वाटणी केली व प्रत्येकीच्या वाट्याला चार मेगाबाइट दिले.

संपूर्ण यंत्राविषयीही असेच घडले. ‘मेमइन्फो’तील ‘मोकळी’ व ‘साठ्यात ठेवलेली’ स्मृती यांची बेरीज करून शिल्लक काढण्याची सवय अनेक कार्यक्रमांना होती. पण स्मृतीतच राहणाऱ्या ‘टीएमपीएफएस’मधील फाइलीही साठ्याच्या आकड्यात मोजल्या जातात आणि त्या केव्हाही टाकून देता येण्याजोग्या नसतात. त्यामुळे बेरीज फसवी ठरे. अखेर २०१४ मध्ये लिनक्सच्या ३.१४ या आवृत्तीत ‘उपलब्ध स्मृती’ अशी स्वतंत्र ओळ देण्यात आली. ती मोजणी नसून अंदाज आहे, हे उघडपणे सांगितले गेले, हे विशेष. अनेक अचूक आकड्यांपेक्षा एक प्रामाणिक अंदाज अधिक उपयुक्त ठरू शकतो, याची ही कबुलीच होय.

८. आकड्यावरील विश्वासाची किंमत

संकेत ठाऊक असेपर्यंत शून्य निरुपद्रवी असते. ते मोजमाप म्हणून वाचले गेले की हानी होते. ‘प्रॉक’मधील फाइलींची प्रत घेणारा कार्यक्रम आधी आकार पाहून तेवढेच बाइट उचलत असेल, तर तो रिकामी फाइल तयार करतो आणि काम पूर्ण झाल्याचे सांगतो. बंद पडू पाहणाऱ्या यंत्राची स्थिती जतन करणाऱ्यास हे रिकामेपण पुढे, यंत्र बंद झाल्यावर कळते.

ही चूक खुद्द कर्नेलकडूनही घडली. एका फाइलीतून दुसरीत थेट कर्नेलमध्येच प्रत करून देणारी ‘कॉपी-फाइल-रेंज’ ही सुविधा लिनक्समध्ये २०१६ साली आली. २०१९ मधील ५.३ या आवृत्तीपासून ती दोन भिन्न फाइल-व्यवस्थांमध्येही चालू लागली. मागणी करताना ती मूळ फाइलीचा आकार तपासत असे. आकार शून्य दिसताच प्रत करण्याजोगे काही नाही, असा निष्कर्ष काढून ती कोणतीही चूक न दर्शविता परत येई. त्यामुळे काही आभासी फाइल-व्यवस्थांमधील फाइलींची प्रत न होताच यश नोंदविले जाई. ५.१८ पर्यंतच्या आवृत्त्यांत हा दोष राहिला आणि २०२२ मधील ५.१९ या आवृत्तीत त्याची दुरुस्ती झाली. कर्नेलच्या एका विभागाने ‘गैरलागू’ या अर्थाने लिहिलेले शून्य त्याच कर्नेलच्या दुसऱ्या विभागाने ‘काहीही नाही’ असे वाचले होते.

निष्कर्ष :

१) आभासी स्मृतीमुळे विस्तार, हजर भाग व प्रत्यक्ष गरज असे आकाराचे भिन्न अर्थ निर्माण झाले, फाइलींच्या यादीत मात्र त्यांच्यासाठी एकच रकाना उपलब्ध राहिला.
२) त्या एका रकान्यात सिस्टिम फाइव्हने बेरीज, प्लॅन नाइन व लिनक्सने शून्य, ‘सिसएफएस’ने कमाल मर्यादा आणि ‘केकोर’ने सीमा नोंदविली. प्रत्येक निवडीमागे त्या काळाची व्यवहार्य गरज होती.
३) बहुतांश गैरसमज चुकीच्या मोजणीतून उद्भवलेले नसून, कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून आकडा दिला आहे, याच्या विस्मरणातून उद्भवलेले आहेत.
४) अज्ञात व शून्य यांसाठी एकच चिन्ह वापरणे ही दीर्घकाळ टिकणारी जोखीम ठरते.

समारोप :

जुन्या दप्तरातील आकडा वाचताना इतिहासाचा अभ्यासक तो कोणी, कशासाठी व कोणत्या मापाने लिहिला, हे आधी विचारतो. संगणकाच्या नोंदींविषयी ही सावधगिरी आपण क्वचितच बाळगतो. कारण यंत्राने दिलेला आकडा हा निखळ मोजमाप असतो, अशी आपली समजूत असते. वरील विवेचनावरून दिसते की कर्नेलची नोंद हीदेखील माणसांनी ठरविलेल्या संकेतांची नोंद आहे आणि तिला स्वतःचा इतिहास आहे. संगणकशास्त्राच्या वर्गात कार्यप्रणाली शिकविताना या आज्ञांचा वापर शिकविला जातो. त्यांच्यामागील संकेतांचा इतिहासही शिकविला गेला, तर ‘केकोर’चा १२८ टेराबाइटांचा आकडा पाहून विद्यार्थी घाबरणार नाही आणि ‘मेमइन्फो’चे शून्य पाहून फसणारही नाही.